मालमोटारी, जुन्या : कालसुसंगत रंग

जुन्या मालमोटारीचे पुनःस्थापन करताना, ती ज्या काळात बनली त्या काळी उपलब्ध असलेल्या व त्या जातीच्या वाहनास प्रत्यक्षात दिल्या जाणाऱ्या रंगांपैकीच रंग निवडणे, यास कालसुसंगत रंगनिवड म्हणतात. यात दोन निराळ्या कसोट्या अंतर्भूत आहेत. पहिली रसायनशास्त्राची : विशिष्ट छटा देणारे रंगद्रव्य व ते पत्र्यावर धरून ठेवणारे बंधक त्या साली अस्तित्वात होते काय ? दुसरी रूढीची : ते अस्तित्वात असले, तरी कारखानदार, साटा बांधणारा सुतार अथवा मालक ते अशा वाहनास लावीत असे काय ? पहिल्या कसोटीस उतरलेला रंग दुसरीस उतरतोच असे नाही.

प्रवासी मोटारगाडीपेक्षा पिकअप व तत्सम हलक्या मालमोटारींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट असतो. प्रवासी गाडी जपली जाई, मालमोटार राबविली जाई. धंद्यातील वाहनावर दर काही वर्षांनी, बहुधा ब्रशाने व बाजारात मिळेल त्या डब्यातून, नवा हात मारला जाई. परिणामी मूळ रंग आठ-दहा थरांखाली गाडला जातो किंवा पत्रा गंजल्याने नाहीसा होतो. एंजिनाचा हरवलेला भाग शोधून आणता येतो अथवा घडविता येतो. खरवडून टाकलेला मूळ रंग मात्र कोठूनही परत आणता येत नाही. म्हणूनच पत्रेकामाला हात घालण्यापूर्वी रंगाचा तपास पूर्ण करावा असा या क्षेत्रातील जाणकारांचा आग्रह असतो. प्रत्यक्षात क्रम नेमका उलटा होतो. गाडी आधी डेंटिंगच्या गॅरेजमध्ये जाते, तेथे ती उघड्या पत्र्यापर्यंत घासली जाते आणि मग मालक रंगाचा तक्ता हाती घेतो.

रंगलेपांचा इतिहास : पहिल्या मोटारी घोडागाडीच्या पद्धतीनेच रंगविल्या जात. जवसाच्या तेलातील रंग व त्यावर रोगण यांचे अनेक हात ब्रशाने देऊन प्रत्येक हात वाळल्यावर घासावा लागे. त्यामुळे एक गाडी पुरी होण्यास काही आठवडे लागत. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाला ही पद्धत परवडणारी नव्हती. फोर्ड कंपनीने १९०८ साली बाजारात आणलेली ‘टी’ नमुन्याची गाडी आरंभी तांबड्या, हिरव्या, करड्या इ. रंगांत मिळे. ती केवळ काळ्या रंगात विकली जाऊ लागली ती १९१४ पासून, आणि १९२६ च्या नमुन्याबरोबर इतर रंग पुन्हा आले. ‘टी’ गाडी नेहमीच काळी होती हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. तिचा काळा रंग डांबरी घटक असलेल्या व भट्टीत भाजल्या जाणाऱ्या एनॅमलाचा असून तो स्वस्त व अतिशय टिकाऊ होता. याच कंपनीने १५ एप्रिल १९२५ रोजी कारखान्यातच पिकअप साटा बसविलेली पहिली गाडी जाहीर केली, तेव्हा हा काळ्या रंगाचा काळ संपावयाचा होता. साहजिकच त्या सुरुवातीच्या पिकअपचा रंग काळा होय. ‘ए’ नमुन्याच्या गाड्यांना (१९२८–३१) अनेक रंग मिळाले, तरी त्यांची मडगार्डे काळीच राहिली, कारण ती एनॅमलात बुडवून निराळी भाजली जात. अशा गाडीची मडगार्डे शरीराच्याच रंगात रंगविलेली दिसली, की पुनःस्थापन करणाऱ्याने पुस्तक उघडलेले नाही हे लांबूनच कळते.

अमेरिकेतील ड्यू पाँट व जनरल मोटर्स या कंपन्यांनी विकसित केलेले नायट्रोसेल्युलोज लॅकर १९२३ मध्ये ओकलंड गाडीवर प्रथम वापरले गेले. ‘ड्युको’ या व्यापारी नावाने ते जगभर पसरले. ते फवाऱ्याने मारता येई व काही तासांत वाळे. त्यामुळे आठवड्यांचे काम एक-दोन दिवसांवर आले आणि रंगांची विविधता स्वस्त झाली. मुंबई-पुण्याच्या गॅरेजमध्ये व लाकूडकामात फवाऱ्याने केलेल्या कोणत्याही रंगकामास आजही ‘ड्युको’ म्हणतात. मूळ रसायन बाजारातून जवळजवळ गेले, नाव मात्र राहिले. या शब्दामुळे घोटाळाही होतो : ‘गाडीला ड्युको केला आहे’ या विधानावरून तिच्यावर नायट्रोसेल्युलोज आहे असे मुळीच सिद्ध होत नाही.

लॅकराचा थर पातळ असतो. चकाकी येण्यासाठी अनेक हात व भरपूर घासकाम लागते. मालमोटारीवर एवढे श्रम खर्च करणे कोणास परवडणारे नव्हते. १९३० च्या सुमारास आलेल्या अल्किड एनॅमलाने (उदा., ‘ड्युलक्स’) ही अडचण दूर केली. ते थोड्या हातांत झाकते, न घासता बऱ्यापैकी चमकते व सोसतेही. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धंद्याच्या वाहनांवर अल्किड एनॅमलाचे प्राबल्य राहिले. १९५० नंतरच्या दशकात ॲक्रिलिक लॅकर, त्यानंतर ॲक्रिलिक एनॅमल, पुढे दोन घटक मिसळून वापरावयाचे पॉलियुरेथेन आणि १९८० च्या सुमारापासून रंगाच्या थरावर पारदर्शक थर देण्याची पद्धत प्रचारात आली [→ रोगण]. १९४८ सालच्या पिकअपवर हा पारदर्शक थर चढविला, की छटा कितीही अचूक असो, गाडी नुकत्याच विकत घेतलेल्या वस्तूसारखी दिसते. पुनःस्थापित मालमोटारींमध्ये सर्वाधिक आढळणारा दोष छटेचा नसून चकाकीचा आहे.

रंगद्रव्यांवरून कालनिर्णय : जुन्या रंगांची पेटी लहान होती. पांढऱ्यासाठी सफेदा व जस्तश्वेत, काळ्यासाठी काजळी, पिवळ्यासाठी क्रोम पिवळा व पिवडी, निळ्यासाठी प्रशियन व अल्ट्रामरीन, तर हिरव्यासाठी क्रोम पिवळा व प्रशियन निळा यांचे मिश्रण, एवढ्यावर बहुतेक काम भागविले जाई. टिटॅनियम डाय-ऑक्साइड हे अतिशुभ्र रंगद्रव्य १९२० नंतर हळूहळू रुळले. थॅलोसायनीन निळा १९३० च्या दशकाच्या मध्यास ब्रिटनमधील आयसीआय कंपनीने बाजारात आणला व त्याच वर्गातील हिरवा त्यानंतर काही वर्षांनी आला. क्विनॅक्रिडोन वर्गातील झगझगीत व न विटणारे तांबडे व जांभळट रंग १९५८ नंतरचे होत. त्यामुळे १९३६ सालच्या मालमोटारीवरील स्वच्छ, थंड, मोरपिशी निळा अथवा १९५० च्या गाडीवरील किरमिजी तांबडा हा रंग संशयास्पद ठरतो [→ रंगद्रव्ये].

जुने तांबडे रंग उन्हात विटत व त्यांच्या पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी सुटे. म्हणून गाडीच्या टपावरचा फिका गुलाबी पत्रा हा मूळ रंगाचा पुरावा मानू नये. जवसाचे तेल व अल्किड बंधके याच्या उलट वागतात. ती अंधारात पिवळसर पडतात व उजेडात पुन्हा काहीशी निवळतात. बैठकीखाली चाळीस वर्षे झाकून राहिलेला पांढरा पट्टा मलईच्या रंगाचा दिसतो आणि त्यावरून मूळ रंग मलईचाच होता असा निष्कर्ष काढला जातो. असा तुकडा काही आठवडे दिवसाच्या प्रकाशात ठेवून मगच त्याची छटा जुळविणे योग्य ठरते. नायट्रोसेल्युलोजही वयोमानाने पिवळे पडते. त्याखालील निळा हिरवट भासतो.

मुंबई व परिसरातील वाहने : अमेरिकी रंगतक्ते जशास तसे महाराष्ट्रातील गाड्यांना लावण्याचा मोह मोठा असतो, कारण ते सहज उपलब्ध आहेत. तथापि अमेरिकी तक्ता हा अमेरिकेत रंगविलेल्या गाडीचा पुरावा होय. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जोडणी कारखाना सुरू केला व तेथे शेव्हरोले गाड्या व मालमोटारी सुट्या भागांतून जोडल्या जाऊ लागल्या. फोर्डची भारतीय कंपनी १९२६ मध्ये स्थापन झाली. ती फोर्डच्या कॅनडातील कंपनीची शाखा होती, कारण ब्रिटन वगळता साम्राज्यातील बहुतेक देशांना उजवीकडे चक्र असलेल्या फोर्ड गाड्या कॅनडातून पुरविल्या जात. डेट्रॉइटच्या तक्त्याऐवजी कॅनडाचा तक्ता पाहण्याची गरज यातून स्पष्ट होते. १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशींनंतर, ज्यांचा देशात गाड्या बनविण्याचा कार्यक्रम नाही अशा कंपन्यांना केवळ जोडणी करण्यास वाव राहिला नाही. फोर्ड व जनरल मोटर्स या दोघींनीही येथील काम थांबविले व शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लर समूहाची वाहने बाहेर पडू लागली. डॉज, डिसोटो व फार्गो या नावांच्या तिच्या मालमोटारी सह्याद्रीच्या घाटांत दीर्घकाळ धावल्या. महिंद्र समूहाने विलीज कंपनीच्या जीपगाड्यांची जोडणी माझगाव येथे सुरू केली. सुट्या भागांच्या ७५ जीपगाड्यांचा पहिला संच १९४९ मध्ये आला. छोट्या मालवाहतुकीला मराठीत जे सर्वसामान्य नाव मिळाले, ते मात्र यांपैकी कोणाचेही नव्हे. बजाज टेम्पो कंपनीने १९५८ मध्ये मुंबईत गोरेगाव येथे तीनचाकी हॅन्सिएट गाडी बनविण्यास प्रारंभ केला व पुढे ती पुण्याजवळ आकुर्डीस गेली. तिच्या व्यापारी नावावरूनच ‘टेम्पो’ हा शब्द रूढ झाला. भाजी, बर्फ, विटा वाहणारा पिकअप कोणत्याही कंपनीचा असो, महाराष्ट्रात तो टेम्पोच. पुनःस्थापनाचा छंद मात्र अद्याप अमेरिकी व ब्रिटिश गाड्यांभोवतीच फिरतो. गोरेगाव-आकुर्डीच्या टेम्पोंचे मूळ रंग कोणी नोंदवून ठेवले नाहीत, तर ही गाडी तिच्या नावानेच तेवढी उरेल.

भारतीय मालमोटारीचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेणे आवश्यक आहे. येथे ती पुष्कळदा चॅसिस, बॉनेट व पुढील दर्शनी भाग एवढीच विकली जाई. चालकाची खोली व साटा स्थानिक सुतार-लोहार लाकूड व पत्रा वापरून बांधीत. अशा वाहनास एकच ‘मूळ रंग’ नसतो. बॉनेट व मडगार्डे यांवर कारखान्याचा अस्तर-रंग किंवा एनॅमल, तर मागील भागावर बांधणाऱ्याच्या पसंतीचा रंग, अशी दोन मुळे असतात, आणि दोन्ही तितकीच खरी होत. १९४७ मध्ये आलेल्या शेव्हरोलेच्या ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिकेतील मालमोटारींचा प्रमाण रंग गडद हिरवा होता. तो अमेरिकेत संपूर्ण पिकअपला शोभतो. सागवानी फळ्यांचा साटा असलेल्या भारतीय गाडीवर फळ्यांनाही तोच हिरवा फासणे हे तक्त्याचा आदर करून गाडीचा अनादर करण्यासारखे आहे.

गाडीचा घाट पाहून तिचे वय ठरविणेही भारतात फसवे असते. परदेशात चार-पाच वर्षांत बदलणारे घाट येथे दशकानुदशके चालू राहिले. १९६४ साली बाजारात आलेली फियाट ११०० डिलाइट १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने निघू लागली व शतकाच्या अखेरपर्यंत जवळजवळ त्याच रूपात बनत राहिली. मालमोटारींचे उदाहरण याहून निराळे नाही. १९५० च्या दशकातील दिसणारी चालकखोली प्रत्यक्षात १९७० नंतरची असू शकते, आणि तसे असल्यास तिला देशी सिंथेटिक एनॅमलच कालसुसंगत ठरते.

या देशी एनॅमलांचा इतिहासही बव्हंशी मुंबईचा आहे. लोअर परळ येथे १९२० मध्ये सुरू झालेली गहागन पेंट्स ही कंपनी पुढे गुडलास नेरोलॅक म्हणून प्रसिद्धीस आली. महायुद्धकाळात आयात रंग दुर्मिळ झाले असता १९४२ मध्ये गिरगावातील एका गॅरेजमध्ये चार मित्रांनी सुरू केलेला उद्योग म्हणजे आजची एशियन पेंट्स. तयार रंगांच्या छटांसाठी भारतीय मानक संस्थेने ‘आयएस ५’ हे मानक ठरविले. त्यातील क्रमांक ब्रिटिश मानक ‘३८१ सी’ च्या धर्तीवर आहेत, उदा., १०१ म्हणजे आकाशी, ५३७ म्हणजे सिग्नल लाल. शासकीय व निमशासकीय वाहनांच्या बाबतीत असा क्रमांक हाती लागला, तर कोणत्याही छायाचित्रापेक्षा तो अधिक विश्वसनीय असतो. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली तेव्हा ती निळ्या अंगाची व चंदेरी टपाची होती. ‘लाल डबा’ या नावाची सवय झालेल्या पिढीला ते खरे वाटत नाही. समाजाची रंगस्मृती शेवटी दिसलेल्या रंगाला चिकटते, पहिल्या रंगाला नव्हे. म्हणून वृद्ध चालकांच्या आठवणी नोंदवाव्यात, पण एकट्या त्यांवर विसंबू नये.

पुराव्याची साधने : सर्वांत उत्तम पुरावा गाडीतच असतो. मालक बदलताना व रंग चढविताना सहसा जे भाग सुटे केले जात नाहीत, तेथे मूळ थर टिकतो. उपकरणफलकाची मागची बाजू, बिजागऱ्यांखालील पत्रा, बैठकीखालची जागा, नाव अथवा क्रमांकाच्या पट्टीमागील चौकोन, एंजिन व चालकखोली यांमधील भिंतीवर बसविलेल्या भागांची पिछाडी ही त्यांपैकी काही ठिकाणे होत. अशा ठिकाणी रुपयाएवढ्या जागेत बारीक पॉलिश पेपर पाण्यासह फिरवीत उताराने घासत गेल्यास थरांची एकात एक वर्तुळे उघडी होतात. मध्यभागी पत्रा, त्याभोवती अस्तर, त्यावर पहिला रंग, मग पुढील मालकांचे रंग. ही वर्तुळे म्हणजे वाहनाची दप्तरनोंदच होय. अधिक खात्रीसाठी रंगाची बारीक खपली रेझिनामध्ये बसवून तिचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दोन थरांमध्ये काजळी व धुळीची रेघ दिसली, तर गाडी मधल्या काळात वापरात होती व वरचा थर नंतरचा आहे हे कळते. रेघ नसल्यास दोन्ही थर एकाच वेळी दिलेले असावेत.

बंधक ओळखण्याची साधी चाचणी कापसाच्या बोळ्याने करता येते. थिनर लावताच रंग विरघळून बोळ्यावर आला, तर ते लॅकर. रंग फुगून सुरकुतला, तर ते बहुधा अल्किड. काहीच परिणाम न झाल्यास भट्टीत भाजलेले एनॅमल किंवा अलीकडचे दोन-घटकी पॉलियुरेथेन समजावे. ही चाचणी लपलेल्या भागावरच करावी हे सांगावयास नको.

नोंदणीपुस्तकात वाहनाचा रंग लिहिलेला असतो. तथापि तेथे ‘हिरवा’ किंवा ‘निळा’ एवढाच शब्द असतो व छटेचा उलगडा होत नाही. त्याचा खरा उपयोग नकारात्मक आहे. पुस्तकात करडा रंग नोंदलेला असताना गाडीवर सर्वांत खाली तांबडा थर मिळाला, तर तो थर अस्तराचा, दुसऱ्या गाडीतून आणलेल्या दरवाजाचा अथवा नोंदणीपूर्वीचा असण्याची शक्यता तपासावी लागते. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांच्या बाबतीत त्याहूनही सावध असावे लागते. तांबड्या प्रकाशास असंवेदनशील असलेल्या जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तांबडी गाडी जवळजवळ काळी व निळी गाडी फिकट उमटते. सर्व दृश्य रंगांस संवेदनशील फिल्म सर्रास वापरात येण्यापूर्वीच्या छायाचित्रावरून गाडी काळी होती असे ठरविणे धोक्याचे आहे. मडगार्ड व शरीर एकाच गडदपणाचे दिसले म्हणून ते एकाच रंगाचे होते, असेही नाही.

छटा जुळविताना आणखी एक अडचण येते. जुने व नवे रंगद्रव्य यांची मिश्रणे भरदिवसा एकसारखी दिसतात आणि नळीच्या दिव्याखाली अथवा सूर्यास्ताच्या वेळी भिन्न दिसतात. याचे कारण दोहोंचे प्रकाशपरावर्तन तरंगलांबीगणिक वेगळे असते. डोळ्याला एका प्रकाशात ते योगायोगाने सारखे भासते इतकेच. वर्णपटमापक यंत्राने घेतलेले मोजमाप ही विसंगती उघड करते. रंगाच्या दुकानातील यंत्र जवळचे सूत्र सुचविते. ते तीन निरनिराळ्या प्रकाशांत पाहून मान्य करणे हा जुना रंगाऱ्यांचा शिरस्ता आजही श्रेयस्कर होय.

लष्करी गाड्यांचा पेच : दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विक्रीस काढलेल्या जीप, डॉज, फोर्ड व शेव्हरोले गाड्या नागरी वापरात आल्या. आज संग्राहकांकडे असलेल्या हलक्या मालमोटारींत त्यांचा भरणा लक्षणीय आहे. अमेरिकी लष्कराचा ऑलिव्ह रंग पिवडी व काळा यांच्या मिश्रणाचा, पूर्णतः निस्तेज असा होता. ब्रिटिशांच्या गाड्यांचा रंग युद्धकाळातच बदलत गेला. हिरव्यासाठी लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडाच्या टंचाईमुळे १९४२ पासून तपकिरी रंग प्रमाण मानला गेला आणि १९४४ मध्ये ऑलिव्ह आला. म्हणजे १९४३ ची ब्रिटिश लष्करी मालमोटार हिरवी असणे हेच संशयास्पद.

भारतात या प्रश्नाला कायद्याची बाजू आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज इतर कोणतेही वाहन ऑलिव्ह हिरव्या रंगात रंगविता येत नाही. इतिहासदृष्ट्या जो रंग निर्विवाद आहे, नेमका तोच मालकास निषिद्ध, अशी ही स्थिती आहे. यातून दोन मार्ग निघतात. गाडी लष्करातून सुटल्यावर पहिल्या नागरी मालकाने दिलेला रंग शोधून तो द्यावयाचा, हा पहिला. हा रंगही तिच्या चरित्राचाच भाग असल्याने त्यात कमीपणा नाही. उलट शेतमाल, बर्फ किंवा दूध वाहिलेल्या जीपचा निळा-पिवळा रंग येथील समाजेतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलका असतो. दुसरा मार्ग ऑलिव्हच्या जवळची, पण ‘ऑलिव्ह नव्हे’ असे म्हणता येईल अशी छटा शोधण्याचा. तो लोकप्रिय आहे, परंतु त्यातून निघालेला रंग ना कायद्याचे समाधान करतो ना इतिहासाचे. लष्करी रंग प्रत्यक्ष वाहनांवर पाहावयाचे असल्यास अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय उपयुक्त आहे. मात्र उघड्यावर ठेवलेल्या वाहनांवर वेळोवेळी नवा रंग दिला जातो हे ध्यानात ठेवावे.

कोकणपट्टीतील हवामान : वाशीचा खाडीपूल १९७० च्या दशकात वापरात येईपर्यंत मुंबईहून घाटावर जाणारी मालमोटार ठाण्यावरून मुंब्रा-शीळमार्गे पनवेलला येई. शिवडी व कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेल्या असंख्य गाड्या आज खांदेश्वर, कामोठे व कळंबोली या नवी मुंबईच्या वसाहती उभ्या असलेल्या प्रदेशाजवळून बोरघाटाकडे गेल्या. मुंबईतील लोखंड-पोलादाचा व्यापार हलविण्यासाठी सिडकोने कळंबोलीला बाजार वसविल्यानंतर तर हा परिसर मालमोटारींचेच गाव बनला. मोडीत निघालेल्या चालकखोल्या व दरवाजे हे रंगाच्या अभ्यासकासाठी पुराभिलेखच असतात. ते वितळविण्यासाठी जाण्यापूर्वी त्यांतील एखादी खपली कोणी घेत नाही, ही खेदाची बाब होय.

पनवेलच्या खाडीकाठच्या या पट्ट्यात पावसाळ्यात हवा बाष्पाने भरलेली असते. अशा हवेत नायट्रोसेल्युलोज लॅकर फवारल्यास विद्रावकाचे जलद बाष्पीभवन होऊन पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर सूक्ष्म दव साठते व रंगावर पांढुरकी झाक येते. मंदगतीने उडणारा थिनर मिसळून हा दोष कमी करता येतो. तथापि जून ते सप्टेंबर या काळात खांदेश्वरसारख्या ठिकाणी उघड्या शेडमध्ये लॅकराचे काम न काढणेच शहाणपणाचे. अल्किड एनॅमल या हवेत तुलनेने निभावते, परंतु ते सावकाश वाळत असल्याने धूळ व किडे चिकटतात. खारी हवा लांबीच्या थराखाली शिरून पत्रा आतून कुरतडते. म्हणून अस्तरासाठी आधुनिक इपॉक्सी व त्यावर जुन्या पद्धतीचे एनॅमल, अशी तडजोड अनेकजण करतात. ती नोंदवून ठेवली असेल, तर तीत गैर काही नाही. जुन्या थरांत शिशाचा सफेदा व क्रोमेटे असतात. ते कोरडे घासणे फुप्फुसांस घातक असून पाण्यासह घासणे व मुखवटा वापरणे आवश्यक आहे. भारतात २०१७ पासून अंमलात आलेली शिशाची मर्यादा घरगुती व सजावटीच्या रंगांपुरतीच आहे. दोन-घटकी पॉलियुरेथेनमधील आयसोसायनेट हे श्वसनास त्याहूनही घातक होय.

अक्षरलेखन व नोंदणी : मालमोटारीची रंगयोजना अक्षरांशिवाय पूर्ण होत नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक व खाजगी मालवाहक असे परवान्यांचे दोन प्रकार होते, आणि चालकखोलीच्या कपाळावरील ‘पब्लिक कॅरिअर’ ही अक्षरे त्याचीच खूण. १९८८ च्या कायद्याने हा भेद मिटविला. म्हणून ही पाटी १९६० च्या गाडीवर शोभते, १९९५ च्या गाडीवर नाही. दरवाजावर मालकाचे नाव, गाव व वाहनाची वजने हाताने रंगविली जात. घासण्यापूर्वी तिरप्या प्रकाशात पाहिल्यास वरच्या थरांखालील अक्षरांचा उठाव पुष्कळदा दिसतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यावा. मागच्या फळीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ हे शब्द लिहिण्यास महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये मनाई केली. क्रमांकपट्टीचाही रंग बदलला आहे. पूर्वी खाजगी वाहनांस काळ्यावर पांढरी व भाड्याच्या वाहनांस पांढऱ्यावर काळी अक्षरे असत. आता खाजगी वाहनांस पांढरी व भाड्याच्या वाहनांस पिवळी पट्टी असते.

आंतरराष्ट्रीय जुनी वाहने महासंघ (स्थापना १९६६) १९१९ ते १९३० मधील वाहनांनाच ‘व्हिंटेज’ म्हणतो. भारत सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार मात्र पन्नास वर्षांहून जुनी, अव्यापारी वापराची व मूळ स्वरूपात राखलेली वाहने या वर्गात येतात. त्यांच्या नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रु. असून ती दहा वर्षांसाठी असते व क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, शोभायात्रा, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येतात. मूळ स्वरूपाच्या अटीत चॅसिस, शरीराचा सांगाडा व एंजिन यांचा उल्लेख आहे, रंगाचा नाही. महासंघाने २०१३ मध्ये स्वीकारलेल्या तूरीन सनदेत मात्र वाहनाच्या आयुष्यातील सर्व कालखंडांच्या खुणांचा मान राखण्यावर व प्रत्येक हस्तक्षेपाची नोंद ठेवण्यावर भर आहे. त्यास अनुसरून काही संग्राहक दरवाजाच्या आतील बाजूस तळहाताएवढा चौकोन न रंगविता सोडतात. त्यात मूळ रंगापासून अखेरच्या मालकाच्या ब्रशापर्यंतचे सर्व थर तसेच राखलेले असतात.